निळ्या पडद्यावरची दुसरी ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

वकील बंद पडला. माझ्याच हातून पडला.

वकील म्हणजे बाबांच्या पलंगापाशी असलेला कॉम्प्युटर. नाव बाबांनीच ठेवलं. स्नायूंच्या आजाराने त्यांचे आधी हात गेले, मग पाय आणि मागच्या वर्षी जीभसुद्धा. डोकं मात्र लख्ख आहे, आणि डोळे हलतात. दादा जहाजावर इंजिनियर आहे. मागच्या सुट्टीत त्याने हा सगळा संच जोडला. बाबांच्या तोंडासमोर दांडीवर पडदा, पडद्याखाली त्यांच्या नजरेवर लक्ष ठेवणारा छोटा कॅमेरा आणि टेबलाखाली मोठा डबा. बाबा पडद्यावरच्या अक्षरांकडे बघतात, शब्द जुळतात आणि डबा खर्जात बोलतो. पहिल्याच दिवशी त्यांनी बोलून दाखवलं, "यापुढे मी बोलणार नाही, माझा वकील बोलेल." तेव्हापासून तो वकील. मी फौजदार, कारण मी घरात सगळ्यांना दम देत फिरते. खरं तर माझ्याएवढं भित्रं या घरात कोणी नाही, फक्त आवाज मोठा आहे.

वकिलाच्या पोटात लिनक्स आहे, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. नवी आवृत्ती आली आहे, घ्या, अशी सूचना कोपऱ्यात कधीपासून येत होती. दादाने बजावलं होतं की मी येईपर्यंत तिला हात लावायचा नाही, आणि मी लावला नव्हता. पण शनिवारी छातीच्या डॉक्टरांचा फोन आला. ते तेरा तारखेला, गुरुवारी, स्वतः घरी येणार आहेत. पुढच्या वेळी श्वास अडकला तर विचारत बसायला सवड मिळणार नाही, म्हणाले. तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि कायमचं श्वासाच्या मशीनवर ठेवायचं, की तसं काही न करता त्रास होऊ न देता जाऊ द्यायचं, हे आत्ताच बाबांकडून त्यांना ऐकायचंय.

अर्थात बाबा नळी घाला म्हणणार. यात विचारण्यासारखं काय आहे?

पण मला वाटलं, एवढ्या मोठ्या दिवसाआधी वकील कसा ताजातवाना, झाडून पुसून हवा. ऐन वेळी अडायला नको. म्हणून आज दुकानातल्या कामावरून लवकर आले आणि त्या सूचनेवर 'होय' दाबलं. भराभर ओळी धावल्या, मशीन बंद होऊन चालू झालं, आणि समोर बघते तर काय, सगळं चित्र फुगलेलं. पाटीवर रंगवल्यासारखी थोराड अक्षरं, अर्धी पडद्याबाहेर. डोळ्यांच्या प्रोग्रॅमने सांगितलं की ग्राफिक्स कार्ड सापडत नाही, आणि तो मिटून बसला.

बाबा सगळं बघत होते. बघणारच, पडदा त्यांच्याच तोंडासमोर आहे. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून कीबोर्ड बडवत होते आणि "काही नाही, आत्ता होईल" म्हणत होते. त्यांनी एकदा डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचं जहाज बंदराला आहे, म्हणून फोन लागला. आधी चांगला झाडला त्याने मला. मग समजावून सांगितलं. लिनक्सचा आतला गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाला, कर्नलची भाषा कळत नाही, म्हणून मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. मी कर्नल नवा आणला आणि दुभाषा जुन्याचाच राहिला. आता दोघे एकमेकांकडे बघत बसलेत.

"घाबरू नकोस," म्हणाला, "चालू होताना यादी दिसते, तिच्यातून जुना कर्नल निवड. कालच्यासारखं चालेल."

मी यादी उघडली. जुना कर्नल नव्हता. नवी आवृत्ती आल्यावर मशीनने विचारलं होतं की आता नको असलेल्या गोष्टी काढून टाकू का, आणि मला पसारा आवडत नाही, म्हणून मी हो म्हटलं होतं. मागे फिरायचा रस्ता मीच झाडून टाकला.

मग त्याने एकेक आज्ञा सांगितली, मी लिहिली. जुना ड्रायव्हर काढला, नवा उतरवला. मध्येच त्याने एक पासवर्ड ठरवायला लावला, कसल्याशा चावीसाठी. मी ठरवला. मशीन पुन्हा चालू केलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अख्खा पडदा निळाभोर. दुकानातला जुना कॉम्प्युटर मेला तेव्हा असाच निळा झाला होता. वर इंग्रजीत काहीतरी, खाली चार ओळी. पहिली ओळ, पुढे चला. दुसरी, चावी नोंदवा. खालच्या वाचल्याच नाहीत. पुढे चला दाबलं. मशीन मुकाट पुढे गेलं.

चित्र तसंच फुगलेलं.

दादा तोवर कामावर गेला होता. जहाज सुटलं की त्याचा फोन लागत नाही, निरोप जातो तोसुद्धा नशिबात असेल तर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वकील नाही याचा अर्थ काय, ते आता कळतंय. तो नुसता बोलत नव्हता. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल घंटा होती. बाबांनी तिकडे रोखून बघितलं की वकील घरभर ओरडायचा. कफ अडकला, तोंडावरचा श्वासाचा मास्क सरकला, मान वाकडी झाली, काहीही. ती घंटा होती म्हणून आई स्वयंपाकघरात जाऊ शकत होती आणि मी दुकानात. आता एकीने त्यांच्याकडे बघत बसायचं आणि दुसरीने बाकीचं सगळं. आई साठी ओलांडलेली बाई. तिचे गुडघे दुखतात, पण बोलत नाही.

आईला अक्षरं येतात. म्हणजे ती जुनी रीत, वकिलाच्या आधीची. ती वर्गांची पहिली अक्षरं म्हणते, क, च, ट, त, प. हवा तो वर्ग आला की बाबा डोळे वर करतात. मग ती त्या वर्गातली एकेक म्हणते. मग काना का, वेलांटी का, मात्रा का. एका शब्दाला चहा निवतो. मला ते बघवत नाही. मी मध्येच शब्द सुचवते, पाणी का, पंखा का, आणि बाबा दर वेळी डोळे मिटतात. मग आई माझ्याकडे बघते आणि मी काहीतरी काम काढून उठते.

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर डोळेच तपासते. भिंग बदलायचं आणि विचारायचं, हे बरं की आधीचं? माणसं काय घाबरतात त्या प्रश्नाला. जणू परीक्षाच. एक काकू तर बाकावर बसल्या बसल्या समोरचा तक्ता पाठ करतात आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणतात. त्यांना मी नेहमी सांगते, काकू, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, मी काही मारत नाही.

आज आई म्हणाली, "पुढच्या गुरुवारपर्यंत तो सुरू नाही झाला तर मी अक्षरांवर विचारीन. मला काय, वेळ आहे."

मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, इतकी मोठी गोष्ट अशी अर्ध्यामुर्ध्या अक्षरांवर विचारायची का? उद्या कोणी म्हटलं तूच जुळवलीस, तर? त्यांच्या पूर्ण वाक्यात आली पाहिजे. वकील दुरुस्त होईपर्यंत हा विषय काढायचा नाही.

मी म्हटलं ते बरोबरच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा केलं सगळं. काढलं, उतरवलं, पासवर्ड दिला, मशीन चालू केलं. पुन्हा तो निळा पडदा.

त्याचं एक वाईट आहे, तो थांबत नाही. वर आकडे उलटे पडत असतात. काहीच दाबलं नाही तर आपला आपणच पुढे निघून जातो. मग आणखी धांदल होते. चावी नोंदवा म्हणजे कुठे नोंदवा? कोणाची चावी? चुकून भलतंच नोंदलं गेलं आणि उरलंसुरलंही गेलं तर? पुढे चला दाबलं.

बाबांची नजर पडद्यावरून माझ्याकडे आली. टक लावून बघत राहिले. वैतागले असणार, त्यांना धांदल आवडत नाही. मग त्यांनी आईकडे बघून डोळे वर केले, म्हणजे काहीतरी सांगायचंय. आई जवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात अक्षरं म्हणायला लागली. मी डब्याची मागची बाजू पुसत होते, धूळ फार बसते. बऱ्याच वेळाने आई उठली. काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, पाणी मागत होते."

पाणी मात्र तिने दिलं नाही. विसरली असेल, दमते बिचारी.

मशीनची नोंद काढून दादाला पाठवली. तिच्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा होती, चावी नाकारली, चावी नाकारली. वाचून मलाच कसंसं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहू नये असं वाटतं, पण लिहिलं नाही तर डोक्यात फिरत राहील.

दुपारी आई अंघोळीला गेली होती. बसायची पाळी माझी. मला वाटलं, ग्राफिक्स कार्डच आत ढिलं झालं असेल, म्हणून मी टेबलाखाली शिरून डब्याचं झाकण उघडलं. बाबांकडे पाठ होती. तसं दोनदा वळून बघितलं मी. मग एक स्क्रू हातातून निसटला, तो शोधण्यात वेळ गेला.

काहीच आवाज आला नाही. हेच भयंकर आहे, त्यांच्याकडून आवाज येतच नाही. मी वर आले तर चेहरा राखेसारखा. डोळे फाटलेले. मी "काय होतंय, काय होतंय" म्हणून ओरडत सुटले, जणू ते सांगणार होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होते. जिथे घंटा असायची तिथे. पडदा बंद होता.

आई ओल्या केसांनी, जेमतेम साडी गुंडाळून धावत आली. तिने काही विचारलं नाही. त्यांना कुशीवर वळवलं, मान उचलून धरली आणि मला म्हणाली, "मशीन दे." कफ ओढायचं मशीन पायाशीच होतं. मला ते दिसेना. तिनेच पायाने ओढून घेतलं. मग तो गुळगुळ आवाज, मग एक श्वास, मग बऱ्याच वेळाने दुसरा.

त्या मेलेल्या कोपऱ्याकडे ते कधीपासून बघत होते कोण जाणे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईला म्हटलं, गळ्याला नळी असती तर हे झालंच नसतं. कफ थेट तिथूनच काढता आला असता. म्हणून तर नळी हवी.

आई ताट पुसत होती. तेच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यांना विचारू या ना."

मी म्हटलं, वकील सुरू होऊ दे.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुकानात रजा टाकली. मालक म्हणाले, तुमच्या डोळ्यांखाली काळं आलंय, तुमचेच तपासून घ्या. हसायला आलं नाही.

दादाचा निरोप आला, कधीतरी पहाटे निघालेला: "ड्रायव्हर नीट उतरलाय. मशीन त्याला आत घेत नाहीये. चालू होताना निळा पडदा येतो का? आला तर काही दाबू नकोस, आधी फोटो काढून पाठव."

मी मोबाइल हातात धरून बसले. मशीन चालू केलं. निळा पडदा आला. आणि माझं बोट आधी गेलं. खरंच, कसं गेलं कळलं नाही. फोटोत फुगलेलं चित्र आलं, निळं काही आलंच नाही. पुन्हा करून बघावं तर आई जेवायला बोलवत होती.

दादाला कळवलं, फोटो राहिला. त्याचं उत्तर नाही. समुद्रात असेल.

मग मी मनानेच दुसरा ड्रायव्हर घालून पाहिला, कोणीतरी फुकट बनवलेला, नेटवर लोक म्हणतात बरा आहे. पडदा काळा ठिक्कर. बराच वेळ काहीच नाही. बाबांच्या चेहऱ्यावर नेहमी पडद्याचा उजेड असतो. तो गेला तर ते एकदम लहान दिसले. कसाबसा मी तो काढला आणि पहिल्या फुगलेल्या चित्रावर परत आले. फुगलेलं का होईना, चित्र बघून इतकं बरं वाटलं मला.

आई म्हणाली, थोडा वेळ पड. पडले. डोळे मिटले की तो कोपरा दिसतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. म्हटलं, मशीन बिघडलंय, वडील बोलू शकत नाहीत, उद्याच्याऐवजी पुढचा आठवडा चालेल का? तिथल्या बाईंनी विचारलं, डोळ्यांनी हो-नाही सांगू शकतात ना? मी म्हटलं, सांगतात, पण तसं नको. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना विचारून कळवते, पण फार लांबवू नका, मागचे रिपोर्ट काही बरे नाहीत. मी म्हटलं, लांबवत नाहीये, आमचं मशीन दुरुस्त व्हायचंय फक्त.

घरात सांगितलं की डॉक्टर पुढच्या आठवड्यात येतील. बाबांनी डोळे मिटले. उघडले आणि पुन्हा मिटले. मग आईकडे बघून वर केले. आई खुर्ची ओढून बसली. क, च, ट, त, प. मी स्वयंपाकघरात जाऊन दूध तापत ठेवलं. तिथेही तिचा आवाज येत होता, एकाच चालीत. मी नळ सोडून ठेवला.

दूध कधीच तापून झालं होतं तेव्हा आई आली. ओट्याला टेकून उभी राहिली. दमली होती.

"ते म्हणतात, डॉक्टरांना उद्याच येऊ दे," ती म्हणाली.

मी म्हटलं, पण वकील कुठे सुरू आहे?

"ते म्हणतात, निळ्या पडद्यावर दुसरी ओळ. पहिली नाही."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. पडदा त्यांच्याच तोंडासमोर आहे. त्यांनी आयुष्यभर नकाशे वाचले, बारीक अक्षर त्यांना माझ्याआधी दिसतं. त्यांनी चारही ओळी वाचल्या असणार. मी दर वेळी कोणती दाबते तेही बघितलं असणार.

मी विचारलं, त्यांना कधी कळलं?

"पहिल्यांदा आला तेव्हाच. शुक्रवारी मला सगळं सांगितलं त्यांनी. पासवर्ड तिथे द्यायचा असतो म्हणे, मग मशीन नव्या ड्रायव्हरला आत घेतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

आईने गॅस बंद केला, तो मी बंद केलेलाच होता. म्हणाली, "मी म्हटलं होतं सांगू का. तर म्हणाले, राहू दे. तिला अजून वेळ हवाय."

कसला वेळ? मला कसला वेळ हवा होता? मी तर पहिल्या दिवसापासून दुरुस्तच करत होते. हात दुखेपर्यंत करत होते. राग आला मला, दोघांचाही. रविवारी जे झालं ते झाल्यावरही हे दोघे गप्प बसले. मी तसं आईला म्हटलंसुद्धा. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी उगाचच रडायला लागले. का ते सांगता यायचं नाही. दूध सायीसकट गार झालं.

मग गेले. ड्रायव्हर काढला, पुन्हा उतरवला, पासवर्ड ठरवला. मशीन बंद करून चालू केलं. निळा पडदा आला आणि आकडे उलटे पडायला लागले. बाबा पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. माझं बोट पहिल्या ओळीवर होतं. तिथेच जायचं होतं त्याला. मी ते खाली आणलं. चावी नोंदवा. नोंदवू का, मशीनने विचारलं. मला भीती वाटते, मी मोठ्याने म्हटलं, कोणाला ते माहीत नाही. हो दाबलं. पासवर्ड दिला.

चित्र आलं. बारीक, स्वच्छ, जागच्या जागी. वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल घंटा. बाबांची नजर तिच्यावर गेली आणि वकील घरभर ओरडला. आई धावत आली. बाबांना काही झालं नव्हतं. त्यांनी घंटा वाजते का ते बघितलं.

मग वकील बोलला, त्याच खर्जात. "फौजदार. चहा घे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात फोन करून सांगितलं होतं की आजच या. डॉक्टर दुपारी आले. स्टूल ओढून बाबांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले. मला वाटलं होतं घाईत असतील, पण त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. नळी म्हणजे काय, मशीन म्हणजे काय, त्याने आयुष्य किती वाढू शकतं, आणि आजार मात्र थांबत नाही, पुढे मागे डोळेही थकतात. ते शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, आता आठवत नाही.

आई पायाशी बसली होती. मी दारात उभी होते. एक हात चौकटीवर होता.

बाबांनी अक्षरांकडे बघायला सुरुवात केली. वकील एकेक शब्द बोलत गेला.

"नळी नको."

डॉक्टरांनी विचारलं, नक्की? मग श्वास थांबेल तेव्हा आम्ही फक्त त्रास होऊ देणार नाही, बाकी काही करणार नाही. हे समजलंय?

"समजलं. नको."

मी म्हटलं, बाबा, रविवारी बघितलंत ना काय झालं. डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं नाही, पण बाबांनी डोळे मिटले. मग उघडून पुन्हा अक्षरांकडे वळले. फार वेळ लागला. खोलीत फक्त घड्याळ आणि मास्कच्या मशीनची फुसफुस.

"ठरलं आधीच होतं," वकील म्हणाला. "रविवारी खात्री झाली. मरणाची भीती वाटते. जागं राहून काहीच सांगता न येण्याची जास्त वाटते. ती बघून झाली."

मग पुन्हा,

"फौजदार. दारात उभी राहू नकोस. आत ये."

मी गेले. पलंगाच्या कडेला बसले. त्यांचा हात हातात घेतला, त्याला वजनच नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं, आईने सही केली. जाताना त्यांनी विचारलं, मशीनचं काय झालं होतं? मी सांगितलं, नवा कर्नल आणि जुना ड्रायव्हर. ते म्हणाले, अच्छा.

संध्याकाळी बाबा आणखी एक वाक्य बोलले. "अक्षरं शिकून घे आईकडून. वकील जन्माचा नाही."

दादाचा निरोप आला: "चावी नोंदवलीस का?" मी लिहिलं, नोंदवली. बाकीचं फोनवर सांगीन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मधले दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं झालं नाही असं नाही, पण बसून होते त्यांच्याजवळ.

वकील चालतोय. पण सकाळी त्यांचे डोळे लवकर थकतात, पापणी खाली येते आणि कॅमेऱ्याला नजर सापडत नाही. आज तसंच झालं. आई भाजी आणायला गेली होती. मी दुकानात निघाले होते, पर्स खांद्याला होती, शेजारच्या ताई येऊन बसणार होत्या. बाबांनी माझ्याकडे बघून डोळे वर केले.

मी तशीच उभ्याने सुरू केलं. क, च, ट, त. वर. त, थ. वर. मी म्हटलं, थंडी? पांघरूण घालू? मिटले. थकलात? मिटले. मास्क लावू का, असं मी विचारणार होते, पण त्यात थ कुठे आहे?

मग मला दुकानातल्या त्या काकू आठवल्या, तक्ता पाठ करून येणाऱ्या. मी गप्प बसले. म्हणजे खरंच खाली बसले, खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन. काय येईल याची जेवढी भीती वाटली, तेवढी मला त्या निळ्या पडद्याचीही वाटली नव्हती. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. थ. काना का? वर. पुढे काही सुचवलं नाही. अनुस्वार का? वर. क, च, ट, त, प. वर. प, फ, ब. वर.

झालं का, विचारलं. वर.

थांब.

मी दुकानात फोन करून सांगितलं की आज उशीर होईल.